रेडिओच्या काठीवरचा पाहुणा

गावभाग, सांगली
फेब्रुवारी १९७४, सोमवार, दुपार

चि. सौ. चारू हिस,

तुझ्याहून एका पावसाळ्याने मोठी म्हणून आधी माझा आशीर्वाद घे, आणि तू माझ्याहून धीट म्हणून मागाहून नमस्कारही घे. तुला पाचगणीच्या शाळेतला तो रविवार आठवतो का ग? सिस्टर बर्नाडेट आपल्याला रांगेने टेबललँडवर घेऊन गेल्या होत्या. प्रत्येकीच्या हातात जॅम लावलेला पाव होता, आणि तू तुझा पाव शेवटपर्यंत राखून मला खिजवत होतीस. (हा स्वभाव तुझा अजून गेलेला नाही. तुझ्या कपाटातल्या घडी न मोडलेल्या साड्या मी मागच्या दिवाळीत पाहिल्या.) वरून घार कधी आली आणि पाव कधी गेला, काही कळलं नाही. तुझ्या अंगठ्याला ओरखडा आला होता, पण तू रडत होतीस ती जॅमसाठी. मग सिस्टरांनी त्यांची काळी छत्री उघडून दिली आणि आपण दोघींनी तिच्याखाली माझा पाव अर्धा अर्धा खाल्ला. बाहेर लख्ख ऊन होतं, सगळ्या मुली हसत होत्या, आणि आपण धो धो पाऊस पडत असल्यासारख्या एकमेकींना चिकटून बसलो होतो. सांगण्यासारखं असं त्या दिवशी काहीच घडलं नाही. पण हल्ली मला दुसरं काही आठवतच नाही.

तुझे गुडघे कसे आहेत? मधुकररावांचा खोकला थांबला का? साताऱ्याचा वारा या दिवसांत वाईटच. त्यांना कानाला मफलर बांधायला सांग, आणि ते ऐकणार नाहीत हे धरून ते झोपले की तूच बांध. इकडे आम्ही सर्व सुखरूप आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते. तुझे भाऊजी खरोखरच सुखरूप आहेत. त्यांचा उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू आता पुरता पिकला, डावाही बराच पिकला आहे, आणि मिरजेच्या डॉक्टरांनी पुढच्या गुरुवारी ऑपरेशनला बोलावलं आहे, तरीही ते सुखरूप आहेत. समोर माणूस आहे की दार आहे एवढंच त्यांना समजतं, आणि परवा त्यांनी दाराला "या, बसा" म्हटलं, तरी ते सुखरूप आहेत. जन्मभर हायस्कुलात शास्त्र शिकवलेल्या माणसाला भीती वाटायची सोय नसते. ती सगळी माझ्या वाट्याला आली आहे.

आता मूळ गोष्ट. मिरजेहून परत आल्यावर त्यांना बरेच दिवस निजवून ठेवावं लागणार, तेव्हा घरातली उन्हाळ्याची कामं आधीच उरकावी म्हणून मी यंदा फेब्रुवारीतच कुरडया घातल्या. (अंबूताई म्हणाल्या, "अनसूयाबाई, शिमग्याच्या आधी कुरडया?" अंबूताई म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या. त्यांचं माहेर वाईचं, आणि जगात जे जे घडू नये ते सगळं त्यांच्या माहेरच्या आळीत एकदा घडून गेलेलं आहे.) गच्चीवर जुन्या धोतरावर कुरडया पसरल्या होत्या आणि मी जिन्याच्या सावलीत कावळ्यांसाठी काठी घेऊन बसले होते. एकदम धोतरावरून सावली गेली. कावळ्याची सावली मला ओळखू येते, घारीचीही येते. ही सावली सुपाएवढी होती आणि सावकाश गेली, घाई नसलेल्या माणसासारखी. मी वर पाहिलं नाही. माझा हात आपोआप डोक्यावर गेला आणि चारू, खरं सांगते, दुसऱ्या हाताने मी नसलेला पाव पदराखाली लपवला.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी ती सावली पुन्हा आली, आणि कुरडयांच्या मधोमध धप्पकन काहीतरी पडलं. ते उडत होतं. मी किंचाळले. आमची हरणाबाई खाली भांडी घासत होती, ती राखेच्या हातांनी वर धावली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आवं वैनी, ह्यो तर मासा हाय! जित्ता हाय की अजून!" आमच्या घरात, चारू! जिथे कांदासुद्धा चातुर्मासात मागच्या दाराने येतो, तिथे आभाळातून मासा. मी म्हटलं, बाई ग, तो उचल, आणि कुठे टाकायचा तिथे टाक. "टाकू?" ती म्हणाली. "टाकू नगासा. म्या न्हेते घरला. लय ताजा हाय, बाजारात असला गावत न्हाई." पदराखाली झाकून नेते म्हणाली, पण तिचा पदर मुळात आखूड आणि मासा शेपटी हलवत होता. संध्याकाळपर्यंत सगळ्या गावभागात झालं की मास्तरांकडे मासळी येते. दूधवाल्याने मला हळू आवाजात विचारलं, "वैनी, कुठल्या वारी घेता?"

तिसऱ्या दिवशी तो पक्षी बसला. आमच्या गच्चीवर रेडिओच्या तारेसाठी यांनी एक उंच बांबू बांधून घेतलेला आहे, त्याच्या टोकावर तो येऊन बसला, पायाखाली काहीतरी धरून ते टोचून टोचून खाऊ लागला, आणि नेमक्या अंबूताई त्यांच्या गच्चीवर वाळलेली लुगडी काढत होत्या. त्यांनी डोळ्यांवर आडवा हात धरून पाहिलं आणि लुगडी तिथेच टाकून आमच्याकडे आल्या. म्हणाल्या, गिधाड आहे. म्हणाल्या, गिधाड घरावर बसलं की ते घर सोडायचं, कुलूप लावायचं, शांत करायची आणि मगच उंबऱ्याच्या आत पाय टाकायचा. वाईला त्यांच्या आळीत एकांनी नाही सोडलं, तर त्या घरातला कर्ता पुरुष... इथे त्या थांबल्या आणि यांच्याकडे बघून "जाऊ दे" म्हणाल्या. चारू, त्या "जाऊ दे"च्या पुढचं मी रोज नवं रचते आहे.

हे आरामखुर्चीत बसून सगळं ऐकत होते. म्हणाले, "अंबूताई, तो घरावर बसला नाही, काठीवर बसला. काठीने घर सोडावं." अंबूताई म्हणाल्या, काठी कुणाच्या घराची? त्यावर हे म्हणाले की रेडिओचं लायसन्स माझ्या नावाचं आहे, पण कार्यक्रम पुणे केंद्राचे असतात, तेव्हा शांत पुण्याला करावी लागेल. ही थट्टेची वेळ होती का? तूच सांग.

आमच्या मागच्या दोन खोल्यांत लालासाहेब नावाचे भाडेकरू आहेत, इस्लामपूरकडचे, फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. माणूस देवासारखा, पण सगळे प्रश्न एकाच तऱ्हेने सुटतात अशी त्यांची समजूत आहे. ते लायसन्सची बंदूक घेऊन दारात आले. "वैनीसाब, काय बी काळजी करू नगा. फकस्त सांगा, कुठल्या दिशेनं येतंय आन् किती उंचावनं. एक फायर. खाली पडलं की निवांत बघा, गिधाड हाय का काय हाय त्ये." हे खुर्चीतून अर्धे उठले आणि चुकीच्या दिशेला बोट रोखून ओरडले, "सुभेदार, ओळख पटवायला गोळी घालतात का? माझ्याकडे भाड्याने राहायला आलात तेव्हा माझी ओळख अशीच करून घेणार होतात?" लालासाहेबांनी बंदूक खाली केली आणि भिंतीला "सॉरी सर" म्हटलं, कारण हे भिंतीकडे बघून रागावले होते आणि त्यांना यांचा मान राखायचा होता.

त्या दिवशी जेवताना मी यांना विनवलं. म्हटलं, आपण ऑपरेशन पुढे ढकलू, घराला कुलूप लावू, साताऱ्याला चारूकडे जाऊ, शांत झाली की येऊ. इतकी वर्षं मी काही मागितलं नाही. (हे खरं नाही, तुला माहीत आहे, पण अशा वेळी म्हणतात.) ते बराच वेळ ताटात कोशिंबीर शोधत राहिले. मग म्हणाले, "ठीक. पण आधी पक्षी ओळखायचा. वर्णन आधी, नाव नंतर." हे वाक्य त्यांनी हायस्कुलात पिढ्यान् पिढ्या मुलांच्या डोक्यात घातलं आहे. "गिधाड निघालं तर कुलूप लाव, मी मुकाट्याने साताऱ्याला येतो. दुसरं काही निघालं तर गुरुवारी मिरज. मला दिसत नाही, तेव्हा बघायचं तू. गिधाडाची मान बोडकी असते. तेवढं बघ आणि सांग."

तुझ्या लक्षात आलं का, चारू, त्यांनी माझ्या हातात काय दिलं? मी "बोडकी" एवढा एकच शब्द म्हणायचा होता. त्यांना वर काही दिसत नाही, अंबूताई साक्षीला आहेतच, आणि ऑपरेशन टळलं असतं. आमच्या ओळखीच्या एका बाईंचे मिस्टर मिरजेहून परत आले ते काठी टेकत आले आणि अजून काठीच टेकतात. दहांचं चांगलं होतं हे मला ठाऊक आहे, पण मला आठवतो तो अकरावा. मी रात्रभर अंथरुणात तो शब्द पाठ केला. मग पाप लागू नये म्हणून स्तोत्रं म्हटली, आणि ती संपल्यावर सिस्टरांनी शिकवलेली प्रार्थना म्हटली, म्हणजे दोन्हीकडची परवानगी असलेली बरी.

सकाळी आम्ही गच्चीवर गेलो. ते खुर्चीत, डोक्यावर ओला टॉवेल. मी शेजारी स्टुलावर, डोक्यावर उघडी छत्री. हे म्हणाले, "अनू, तुझा आवाज घुमतो आहे. छत्री उघडलीस का?" म्हटलं, हो. म्हणाले, "मग तुला पक्ष्याऐवजी छत्रीचंच वर्णन करावं लागेल." मी म्हटलं, मला वर बघायची भीती वाटते. त्यांनी हात पुढे केला, चाचपडत छत्रीची दांडी धरली आणि म्हणाले, "मी धरतो. तू बाहेर ये." इतके दिवस मी त्यांना हात धरून जिना चढवते आहे, आणि त्या क्षणी कुणी कुणाला धरलं होतं ते मला सांगता येणार नाही. मी छत्रीखालून बाहेर आले आणि वर पाहिलं.

तो कृष्णेकडून येत होता. "पंख?" यांनी विचारलं. मी म्हटलं, लांब, अरुंद, आणि मध्ये कोपरात वाकलेले; सिस्टर बर्नाडेट वर्ग गप्प करताना दोन्ही हात पसरायच्या, तसे. "उत्तम. पोट?" पांढरं. नुसतं पांढरं नाही, खळ घालून इस्त्री केलेलं. "शेपटी दुभंगलेली?" नाही, आखूड, सरळ कापलेली. "म्हणजे घार नव्हे. पायात काही आहे?" मासा आहे, म्हटलं, पण आडवा नाही, तोंड पुढे करून धरलाय, जणू मासाच उडतो आहे आणि हा त्याच्यावर बसून चालला आहे. हे मोठ्याने हसले. मग तो काठीवर बसला, इतका जवळ की मला त्याची पिवळी बुबुळं दिसली. "आता मान सांग," हे म्हणाले.

माझ्या जिभेवर शब्द तयार होता. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी तोंड वर केलं होतं, पक्ष्याच्या दिशेला नाही, थोडं बाजूला, पाण्याच्या टाकीकडे. ओठ उघडे होते आणि कपाळाला आठी नव्हती. माझ्या नंदूने लहानपणी पहिल्यांदा आगगाडी पाहिली तेव्हा त्याचं तोंड असं झालं होतं. गेल्या पावसाळ्यापासून या माणसाने काहीही पाहिलं नव्हतं ग, आणि आता ते पाहत होते. मी बोलत होते ते त्यांना दिसत होतं. मी खोटा पक्षी सांगितला असता तर त्यांना तोच दिसला असता.

मी म्हटलं, मान बोडकी नाही. पांढरी आहे, पिसांनी भरलेली आहे, मागे थोडा शेंडीसारखा तुरा आहे. आणि डोळ्यावरून मागे मानेपर्यंत काळी पट्टी आहे. त्यांच्या डोळ्यांवर गुरुवारनंतर पट्टी येणार, दोन्ही डोळ्यांवर, आणि दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून मान हलू न देता निजवणार. असा पट्टी बांधलेला पक्षी आमच्याच काठीवर का यावा? मला गिधाड परवडलं असतं.

हे मात्र खुर्चीतून उठून उभेच राहिले होते. "पुस्तक आण," म्हणाले. कुठलं पुस्तक, तुला आठवेल. विणकामात पहिली आले म्हणून मला पक्ष्यांचं इंग्रजी पुस्तक बक्षीस मिळालं होतं आणि पक्ष्यांची चित्रं काढल्याबद्दल तुला विणकामाचं. (वाटपात अदलाबदल झाली होती हे सगळ्या हॉलला कळलं होतं, पण बिशपसाहेबांच्या हातून घेतलेलं परत द्यायची छाती कुणाची?) ते पुस्तक लग्नात माझ्याबरोबर आलं आणि तेव्हापासून लोणच्याच्या बरणीवर वजन म्हणून आहे. वरची पानं तेलाने पारदर्शक झाली आहेत, गरुडापासून घुबडापर्यंत सगळे एकमेकांतून दिसतात. पण मधली पानं तेलातून वाचली होती, आणि तिथे तो होता. वाकलेले पंख, पांढरं पोट, डोळ्यावर पट्टी. ऑस्प्रे. मी सिस्टरांच्या सुरात वाचून दाखवलं: हा मासे सोडून सहसा दुसरं काही खात नाही, थंडीत फार दूरच्या उत्तरेकडच्या देशांतून येतो, उन्हाळा लागला की परत जातो, आणि उंच आभाळातून त्याला पाण्याखालचा मासा दिसतो. हे म्हणाले, "पुन्हा वाच, शेवटचं." मी पुन्हा वाचलं. मग ते खाली बसले आणि म्हणाले, "बघ अनू. पट्टी असून त्याला पाण्याखालचं दिसतं. मग तू कशाला रडतेस?" मी रडते आहे हे त्यांना कसं कळलं कोण जाणे.

अंबूताईंना काय सांगायचं हा प्रश्न होता. पुस्तकात मराठी नाव नाही. यांनी भिंतीपलीकडे ऐकू जाईल असं जाहीर केलं की हा मत्स्यगरुड. "गरुड" ऐकताच पलीकडे बांगड्या वाजल्या, आणि दुपारी त्या हळदकुंकू, नारळ आणि झेंडूचा हार घेऊन आल्या. विष्णूचं वाहन ज्या काठीवर बसलं त्या काठीची त्यांनी पूजा केली. हार तारेला गुंडाळला आहे, त्यामुळे रेडिओ आता नुसता खरखरतो, आणि तो काढायची कुणाची हिंमत नाही. लालासाहेब पक्षी आला की टाचा जुळवून सलाम करतात. हरणाबाई भांडी गच्चीवर आणून काठीच्या बरोब्बर खाली बसून घासते. मी विचारलं, इथे ऊन नाही का लागत? तर म्हणते, "लागू दे की वैनी. द्येवानं एकदा दिलं, पुन्यांदा बी दील."

तर असा आमचा पाहुणा. सगळं छान झालं आहे आणि मी आता मुळीच घाबरलेली नाही, हे कळवण्यासाठीच हे पत्र. मधुकररावांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी
अनू

ता. क. वरचं शेवटचं वाक्य सोडून सगळं खरं आहे. पक्ष्याची भीती गेली आणि तिच्या मागे उभी असलेली मोकळी झाली. नंदूला भिलाईहून रजा मिळत नाही. गुरुवारी यांना आत नेतील आणि मला बाहेर बाकावर बसायला सांगतील. तिथे मी एकटी बसू शकणार नाही, चारू. तू पुढच्या आठवड्यात बुधवारच्या एस.टी.ने ये. मी बोलावलं असं यांना सांगू नकोस, कुरडया न्यायला आले म्हण. आणि ऊन असलं तरी तुझी मोठी छत्री आण, दोघींना पुरेल अशी.

आणखी एक ता. क. वाईच्या आळीचं मनातून जात नाही. म्हणून मी देवाला सांगून ठेवलं आहे की घरातलं कुणी न्यायचंच असेल तर मला ने, यांना नको. तसं झालं तर पुढचं नीट ध्यानात ठेव. माझ्या मोत्याच्या कुड्या नंदूच्या बायकोला, तिने मागितल्या नाहीत म्हणून. अंजिरी इरकल तुला, पण नेसायची, कपाटात ठेवायची नाही. पितळेचा सोऱ्या अंबूताईंना; तो त्यांचाच आहे, पण त्या विसरल्या आहेत. माशाच्या अंगाखालच्या कुरडया मी वेगळ्या डब्यात ठेवल्या आहेत, त्या लालासाहेबांना. ते म्हणाले, फौजेत याहून वाईट खाल्लंय. छत्री हरणाबाईला. विणकामाचं पुस्तक, जे मुळात माझं, ते तुझ्याकडेच राहू दे. पक्ष्यांचं मुळात तुझं, पण ते आता यांचं. आणि मधुकरराव कुस्त्या बघायला नेतात ती दुर्बीण बुधवारी न विसरता आण. ती पट्टी सुटल्यावर पहिल्यांदा यांच्या हातात द्यायची, डॉक्टर नको म्हणाले तरी. तोवर उन्हाळा लागून पाहुणा निघून गेला असेल, तर जी कुठली घार वर फिरत असेल ती दाखव आणि तोच आहे म्हणून सांग. नवा चष्मा येईपर्यंत त्यांना सगळं धुरकटच दिसणार, चालून जाईल. हे काम तुला देते आहे, कारण मला ते जमत नाही असं नुकतंच कळलं.